आधी तो ‘माहितीपट’ शब्द विसरा

‘माहितीपट’ हा शब्द ज्या कुणी मराठीत रूढ केला, त्याने या कलेचे जेवढे नुकसान केले तेवढे सेन्सॉरच्या कात्रीनेही केले नसेल, असे माझे स्पष्ट मत आहे. माहिती कुठे मिळते? गॅझेटियरमध्ये मिळते, रेल्वेच्या वेळापत्रकात मिळते, पंचायतीच्या फलकावर मिळते. तेवढ्यासाठी दीड-दोन तास पडद्यासमोर कोण बसेल? ‘अनुबोधपट’ हा दुसरा शब्द तर आणखी भयंकर. त्यात बोध आहे. आणि बोध सुरू होणार म्हटले की भला माणूस चपला शोधू लागतो. नावातच अशी धास्ती घातल्यावर जे व्हायचे तेच झाले. कादंबरी, नाटक, संगीत, अगदी दूरदर्शनवरच्या मालिका यांच्यावर आपल्या दिवाळी अंकांनी रकानेच्या रकाने भरले. पण खऱ्या माणसांच्या मागे वर्षानुवर्षे उन्हातान्हात हिंडून काढलेल्या चित्रपटांना आपण ‘शैक्षणिक’ असा शिक्का मारून दाराबाहेर उभे केले.

मी सीमाभागातला निवृत्त शाळामास्तर. चित्रपटाचा धंदा माझा नव्हे आणि समीक्षकाचा झगाही माझ्या अंगावर नाही. महिन्यातून एका रविवारी घरच्या टीव्हीवर असा एखादा चित्रपट लावतो आणि आजूबाजूच्या चार घरांतल्या मंडळींना बोलावतो, एवढाच माझा अधिकार. बोलावणे गेले की तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, “फार कंटाळवाणे असते हो ते.” दुसरे, “सगळा प्रचार असतो.” आणि तिसरे, जे सर्वांत जास्त झोंबते ते, “पण त्याचा आपल्याशी काय संबंध?” या तिन्ही उत्तरांचा एकदा रीतसर समाचार घ्यावा म्हणून हा लेखप्रपंच.

पहिले उत्तर देणाऱ्यांचा राग मी समजू शकतो. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि मुख्य चित्रपटाच्या आधी सरकारमान्य पट दाखवणे थिएटरांना सक्तीचे झाले. वर त्याचे भाडेही थिएटरवाल्यानेच भरायचे. धरणाच्या भिंती, कारखान्यांची उद्घाटने, मंत्र्यांच्या गळ्यातले हार आणि या सगळ्यावर पसरलेला निवेदकाचा तो खर्जातला आवाज! ते संपेपर्यंत लोक बाहेर उभे राहून बिडी ओढत. सक्तीने वाढलेले पक्वान्नही नकोसे होते; हे तर पक्वान्नही नव्हते.

परंतु त्याच सरकारी डब्यांतून काय काय बाहेर पडत होते हे बिडी ओढणाऱ्यांना कधी कळलेच नाही. एकट्या १९६७ सालाचेच उदाहरण घ्या. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’मध्ये अख्खा देश हिंडून दाखवला. शास्त्री यांनी ‘आय ॲम ट्वेन्टी’मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या विशीतल्या मुलामुलींना बोलते केले, त्यांतले काही जण तर देशाविषयी असे फटकळ बोलतात की सरकारी खात्याने हे पडद्यावर येऊ दिले यावर विश्वास बसत नाही. आणि त्याच वर्षी मकबूल फिदा हुसेन यांनी राजस्थानात जाऊन ‘थ्रू द आइज ऑफ अ पेन्टर’ काढला. त्यात निवेदक नाही, बोध नाही. कंदील, छत्री, चप्पल, गाय आणि संगीत. बर्लिनच्या महोत्सवात त्या छोट्या पटाला सुवर्ण अस्वल मिळाले. हे कंटाळवाणे?

आणि मराठी माणसाने तर हा आरोप करूच नये. या देशात कॅमेऱ्याने सत्य टिपण्याची सुरुवात केली ती मराठी माणसाने. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईत दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. केंब्रिजला सीनिअर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१च्या डिसेंबरात मुंबईला परतले, तेव्हा त्यांचे स्वागतही सावेदादांनीच फिल्मवर घेतले. आपण फाळक्यांना कथापटाचे जनक म्हणतो, ते योग्यच. पण ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी काय केले होते? कुंडीत वाटाणा पेरून त्याला कोंब फुटून वेल वाढेपर्यंतचे चित्र थोडे थोडे करून टिपले होते, आणि तो ‘अंकुराची वाढ’ दाखवून भांडवल उभे केले होते. म्हणजे राजा हरिश्चंद्राचे सिंहासन वाटाण्याच्या वेलावर उभे आहे! ज्यांच्या पूर्वजांना वाढणारा वेल पाहण्यात नवल वाटत होते, त्यांच्या नातवंडांना खरा माणूस पाहायचा कंटाळा यावा, हे काही भूषण नव्हे.

दुसरे उत्तर प्रचाराचे. त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. कॅमेरा खोटे बोलत नाही असे म्हणणारा एक तर भोळा असतो किंवा स्वतः कॅमेरावाला असतो. १९२२चा फ्लाहर्टीचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या कलेचा आद्य ग्रंथ मानला जातो. त्यातला शिकारी प्रत्यक्षात बंदूक वापरत होता. दिग्दर्शकाने त्याच्या हाती जुन्या काळचा भाला दिला. बर्फाच्या घरात उजेड यावा म्हणून घराचा एक भाग उघडाच ठेवला. तेव्हा या कलेत लबाडी नाही असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणतो की लबाडी ओळखण्याची नजरही हेच चित्रपट भरपूर पाहून येते. आज ज्यांच्या फोनवर सकाळ-संध्याकाळ ढणाढणा संगीत लावलेले, लाल बाणांनी भरलेले, ‘सत्य उघड!’ असे ओरडणारे तुकडे येऊन आदळतात आणि जे ते न तपासता पुढे ढकलतात, त्यांनी तरी प्रचाराच्या नावाने नाक मुरडू नये.

प्रचार ओळखायची एक साधी खूण सांगतो. प्रचाराला घाई असते. त्याला निष्कर्ष आधी ठाऊक असतो, माणसे नंतर गोळा केली जातात. चांगला दिग्दर्शक वाट पाहतो. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) पाहा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसे गेली. त्यानंतर चारच दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. हा शाहीर पटवर्धनांच्याच ‘हमारा शहर’ या आधीच्या चित्रपटात गायला होता. आपल्या चित्रपटातला माणूस असा का गेला, या एका प्रश्नामागे दिग्दर्शक चौदा वर्षे हिंडला. तीन तासांहून मोठा हा चित्रपट बहुतांशी मराठीत आहे. त्यात खटला आहे, राजकारण आहे, पण त्याहून अधिक गाणी आहेत: वस्तीतली, जलशातली, बायकांच्या तोंडची. मराठी अस्मितेवर तासतासभर बोलणाऱ्या किती घरांत हा चित्रपट पाहिला गेला? दिग्दर्शकाची मते पटोत न पटोत, निदान ही मराठी एकदा कानावर पडू द्या. आपण जिला ‘आपली भाषा’ म्हणतो ती किती घरांतून, किती कंठांतून येते हे तरी कळेल.

आणि हा प्रचार असेल तर सत्ताधाऱ्यांना त्याची एवढी भीती का वाटते, हाही विचार करावा. याच दिग्दर्शकाचा ‘फादर, सन अँड होली वॉर’ दूरदर्शनवर लागावा म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली निकाल चित्रपटाच्या बाजूने लागला. मुंबईत १९९०पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचा दाखला सक्तीचा करायचे घाटले, तेव्हा दिग्दर्शकांनी २००४ साली ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सवच भरवून दाखवला. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजनही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. सक्तीचे दिवस गेले. आता हे चित्रपट टिकायचे तर ते पाहणाऱ्यांच्या हौसेवरच.

राहिले तिसरे उत्तर: आपला काय संबंध? हे ऐकले की माझा पारा चढतो. कारण ज्यांचा सर्वांत जवळचा संबंध आहे तेच हे विचारत असतात.

आपण सीमेवरची माणसे. घरात मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, नातवंडांच्या दप्तरात इंग्रजी. भाषा पूर्ण कळण्याआधी समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचे म्हणणे ओळखायला आपण लहानपणीच शिकतो. हे चित्रपट पाहायला याहून वेगळे कौशल्य लागत नाही! शिवाय इंग्रजी उपशीर्षकांची अडचण मुंबई-पुण्याच्या घरांत असेल, आपल्या घरात नाही. आमच्याकडे पाचवी-सहावीतली नात खालची अक्षरे वाचते आणि मोठ्याने मराठीत सांगते. शेजारच्या अक्कांसाठी तेच कन्नडात सांगते. आजी ऐकतात, चुकले तर हटकतात. द्विभाषिक घर हेच या चित्रपटांचे खरे थिएटर आहे.

बरे, विषय तरी परके आहेत का? बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला, आजाराने देवासला गेला आणि माळव्याच्या मातीतली गाणी घेऊन कुमार गंधर्व म्हणून उभा राहिला. जब्बार पटेलांचा ‘हंस अकेला’ त्यांच्यावरच आहे. शबनम विरमानी यांनी २००८ साली कबीरावर चार चित्रपट पूर्ण केले. त्यांतल्या ‘कोई सुनता है’मध्ये कुमार आणि कबीर हातात हात घालून चालतात. दुसरा आहे ‘हद-अनहद’. तो अयोध्येपासून निघतो आणि कबीर गाणाऱ्यांच्या मागे मागे थेट कराचीला जातो. ‘हद’ या शब्दाचा अर्थ सीमेवरच्या माणसाला कुणी समजावून द्यायला नको. ‘अनहद’चा मात्र कधीतरी ऐकायला हवा.

धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर घ्या. मिरजेच्या नीळकंठबुवांकडे पहिले धडे, मग अल्लादिया खाँसाहेबांच्या मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या चिरंजीवांकडे तालीम. मातृभाषा कन्नड आणि श्रोते निम्मे मराठी. त्यांच्यावरचा नंदन कुध्याडी यांचा ‘रसयात्रा’ राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला. गदगचे भीमसेन जोशी पुण्याचे झाले. त्यांच्यावर गुलजारांनी चित्रपट केला. द. रा. बेंद्रे कन्नडचे वरकवी, ज्ञानपीठाचे मानकरी. पण घरी मराठी बोलत आणि मराठीत लिहीतही. त्यांच्यावर १९७२ साली चित्रपट केला तो गिरीश कार्नाड यांनी, ज्यांचा जन्म माथेरानचा. हे सगळे पाहिल्यावर ‘हा आमचा, तो तुमचा’ अशी वाटणी करायला बसणाऱ्यांची मला कीव येते. आमच्याकडे व्यासपीठावरून कुमार ‘आमचे’ होतात आणि दुसऱ्या व्यासपीठावरून ‘त्यांचे’ होतात. दोन्ही व्यासपीठांवरच्या वक्त्यांनी त्यांचे गाणे सलग अर्धा तास ऐकलेले असते का, हे विचारायची सोय नसते. कॅमेरा निदान बसून ऐकतो.

आता दूरचे एक उदाहरण. ‘हनीलँड’ (२०१९) उत्तर मॅसेडोनियातला. एका ओसाड खेड्यात हातिजे नावाची मध्यमवयीन बाई अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहते. जुन्या पद्धतीने मधमाश्या पाळते. तिचा एकच नियम: निम्मा मध माश्यांना, निम्मा आपल्याला. शेजारी सात पोरांचे एक भटके कुटुंब येते. ती त्यांना जीव लावते, हातचे न राखता विद्या शिकवते. पण शेजाऱ्याला व्यापाऱ्याची निकड असते. तो पोळी पूर्ण ओरबाडतो. उपाशी माश्या हातिजेच्या माश्यांवर तुटून पडतात. बस, एवढीच गोष्ट. या बाईची बोली जुनी तुर्की, मॅसेडोनियातली अल्पसंख्याकांची. दिग्दर्शकद्वयाला ती येत नव्हती. तीन वर्षे त्यांनी चारशे तासांहून अधिक चित्रण केले आणि काय निवडायचे ते आधी शब्द न समजता, चेहऱ्यांवरून ठरवले. ऑस्करच्या दोन विभागांत या चित्रपटाला नामांकन मिळाले.

आमच्याकडे हा लागला तेव्हा शेजारच्या अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातिजे कपारीतला मध काढताना आपला नियम पुटपुटते, तो नातीने सांगायच्या आतच अक्का म्हणाल्या, “अर्धा निनग, अर्धा ननग.” त्यांच्या सासरी शेतावर राखणीची कणसे अशीच वाटत, म्हणे. तीस वर्षांच्या शेजारात ही गोष्ट आम्हांला त्यांनी कधी सांगितली नव्हती; आम्ही कधी विचारलीही नव्हती. ज्यांना भाषा येत नव्हती त्या दिग्दर्शकांनी हातिजेचे ऐकले. आम्हांला तर दोन्ही भाषा येतात. मग आपला काय संबंध असे कोणत्या तोंडाने विचारायचे?

आता मास्तर या नात्याने एक शिफारस. निकोला फिलिबेर यांचा ‘एत्र ए आव्वार’ (२००२). फ्रान्सच्या डोंगराळ ओव्हेर्न्य भागातली एकशिक्षकी शाळा. शिशुवर्गापासून वरच्या वर्गापर्यंतची डझनभर मुले एकाच खोलीत. निवृत्तीला टेकलेले गुरुजी स्पेनमधून आलेल्या शेतमजुराचे चिरंजीव. बाहेर बर्फ, आत वर्गाच्या जमिनीवर सावकाश चालणारी कासवे. एका मुलाचे गुणाकाराचे गणित सुटत नाही म्हणून रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती अख्खे कुटुंब जमते आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते! कुणी भाषण करत नाही, शिक्षण वाचवा म्हणत नाही. पण चित्रपट संपतो तेव्हा एक छोटी शाळा म्हणजे काय असते, ती बंद झाली तर नेमके काय बंद होते, हे पोटात कळते.

आपल्याकडे मराठी शाळांच्या घसरत्या पटाची चिंता प्रत्येक संमेलनात, प्रत्येक ठरावात असते. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. मीही ठराव मांडले आहेत. पण ठराव मांडणाऱ्यांपैकी किती जण शाळेच्या शेवटच्या बाकावर वर्षभर सोडा, एक दिवस बसले? खिडकीतून येणारा वाऱ्याचा झोत, एका सतरंजीवर बसलेल्या दोन इयत्ता, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलीने म्हटलेली मराठी कविता, हे कुठे नोंदले जात आहे? कागदावरच्या मागण्या फायलींत राहतील. चेहरे आणि आवाज मात्र माणसांबरोबर जातात.

हा केवळ पाहण्याचा प्रश्न नाही, हे आतापर्यंत लक्षात आले असेल. आज प्रत्येक घरात फोन आहे आणि सावेदादांनी विलायतेहून मागवलेल्या यंत्रापेक्षा तो कितीतरी सोयीचा आहे. लग्नातला प्रत्येक घास आपण त्यावर टिपतो. १९५६ साली गाव कुठल्या राज्यात गेले ते ज्यांनी प्रौढपणी पाहिले, ते आता फारच थोडे उरले आहेत. मोर्च्यांच्या आठवणी तर हव्यातच. पण त्या काळात बाजार कुठल्या भाषेत होत असे, सोयरिकी कुठवर जात, तालमीत कोण कोण एकत्र घुमत, जत्रेतल्या तंबूत सिनेमा कसा लागे, हेही हवे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या फिरत्या टॉकीजमागे पाच वर्षे हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) केला, तेव्हा ती यंत्रे गंजत चालली होती. त्यांनी उशीर केला असता तर ते जगही गेले असते.

आता शेवटी हिशेबाचे. दिवाळी अंकांच्या संपादकांना, या अंकाच्या संपादकांनाही, माझी मागणी आहे की पुढच्या वर्षीपासून पुस्तक परीक्षणांच्या शेजारी दोन पाने या चित्रपटांना द्यावीत. वाचनालयांच्या चालकांनी व्याख्यानमालेतले एक पुष्प कमी करावे आणि त्या संध्याकाळी पडदा लावावा. वक्त्याच्या मानधनाचीही बचत होईल. आणि वाचकहो, तुमच्यासाठी ही चार दिवसांची शिदोरी. वसुबारसेला ‘हनीलँड’. नरकचतुर्दशीला फराळ आटोपल्यावर ‘हंस अकेला’. पाडव्याला मुलांना घेऊन ‘एत्र ए आव्वार’. भाऊबिजेला भावंडे जमली की ‘जय भीम कॉम्रेड’. मोठा आहे, मध्ये जेवणाची सुट्टी घ्या. कोकणातले पाहुणे असतील तर सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ (२०२३) ठेवा. मुंबईचे दोन कोळी मित्र, एक वडिलांच्या रीतीने उथळ पाण्यात जाळे टाकणारा, दुसरा दिव्यांच्या लखलखाटात खोल समुद्रात जाणारा. कर्ज दोघांच्याही मानेवर. कुठलाही चित्रपट लावा, नियम एकच: पहिली दहा मिनिटे कुणीही मत द्यायचे नाही. संपल्यावर मात्र विचारायचे की यात कोण बोलले, कोणाला बोलू दिले नाही, आणि पैसे कुणाचे होते.

मग सुट्टी संपायच्या आत घरातल्या सर्वांत थोरल्या माणसासमोर फोन आडवा धरून बसा. त्यांना ज्या भाषेत सुरुवात करायची त्या भाषेत करू द्या. मध्येच दुसरीत गेले तर जाऊ द्या. प्रश्न एकच विचारा, आणि ते बोलत असताना मध्ये बोलू नका.